निळ्या रिकार्डीतली बाई

इंदूताई, तुझ्या रिकार्डी घरातच आहेत.

हे आधी सांगून टाकते, कारण तू बाकी कशाची चौकशी केली नसतीस. तेरवीला कोण आलं, पंगती किती वेळ चालल्या, वरणात मीठ बरोबर होतं का, यातलं काही तुझ्या डोक्यात आलं नसतं. मधल्या खोलीच्या फळीवर त्या उभ्याच आहेत, एकीला एक टेकून, तू ठेवायचीस तशा. आडव्या ठेवल्या की वाकतात, हे मी विसरलेले नाही. काल तेरवी झाली. आज पाहुणे एसटीनं आपापल्या गावी गेले, भांडी घासून मांडणीवर चढली, आणि मी तुझ्याशी बोलायला बसले.

रागातच बसले आहे. भेटायला आलेली प्रत्येक बाई पदराच्या टोकाला एकच शब्द बांधून आली होती. बिचारी. बिचारीला नांदायला मिळालं नाही, बिचारीच्या पोटी काही नाही, बिचारी आपली गाणी ऐकत दिवस काढायची. दिघोरीच्या मावशींनी तर डोळे पुसत पुसत निकालच लावला, "बरं झालं बाई, सुटली." मी त्यांच्यापुढे चहा ठेवत होते. म्हटलं, "सुटली नाई मावशी, मेली. जिथून सुटाचं होतं तिथून थे मांगंच सुटून आली होती." मावशींचा चहा तसाच थंड झाला. आपल्या घरची सून तोंडाळ आहे, हे आता दिघोरीपर्यंत पोचलं असेल. पोचू दे.

दिवस कोण काढत होतं? रडत-कुढत दिवस काढणाऱ्या बायका मी ओळखते, त्यांतल्या बऱ्याच काल पंगतीला होत्या. तू ऐकत होतीस. दुपारची जेवणं झाली, चूल सारवून झाली, की कुणी झोपायचं, कुणी उखाळ्यापाखाळ्या काढायचं, आणि तू रिकार्ड लावून, पाठ भिंतीला लावून बसायचीस. हे एवढं साधं काम या गावाला कधी काम वाटलं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा तू आसगावच्या सासरहून परत येऊन वर्ष झालं होतं. एक पत्र्याची पेटी घेऊन आली होतीस म्हणे, आणि बरेच दिवस कुणाशी बोलली नव्हतीस. मामंजी धानाचे व्यापारी, हिशेबी माणूस, लेकीला कसं बोलतं करावं हे त्यांना कळेना. साकोलीला एकानं लाऊडस्पीकरचं दुकान मोडलं, तेव्हा त्यांनी तिथून तो सेलवर चालणारा, सुटकेससारखा मिटणारा प्लेअर आणला आणि तुझ्यासमोर ठेवला. मामंजींच्या हयातीत मला कुणाचा हेवा वाटला असेल, तर या एका गोष्टीसाठी तुझा.

प्लेअरबरोबर लग्नात वाजायच्या लहान रिकार्डी आल्या, आणि एक मोठी. निळ्या कव्हरची. कव्हरावर नाव होतं, पण ते आपण कधी घेतलं नाही. घरात तिचं नाव निळी. मग पुढे जांभळी आली, सारंगीची. मग जिचं कव्हर उदईनं खाल्लं ती बिनकव्हरची. मग भंडाऱ्याहून आणलेली ती भजनांची, जिला तू 'सोमवारवाली' म्हणायचीस आणि कोणत्याही वारी लावायचीस. पण निळी ती निळी.

आणि इथेच मला आपल्या घरची एक रीत लिहून ठेवायची आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. नवऱ्याचा मोठा भाऊ समोर असला की पदर डोक्यावर, नजर खाली, तोंड बंद. मोठे दादा तुझे सख्खे भाऊ, माझे भासरे. इतकी वर्षं एका छताखाली राहून मी त्यांच्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते, आणि तेही माझ्याशी नाहीत. मधे तू होतीस. ते ओसरीत, मी चुलीपाशी, तू दारात उभी. एकमेकांचं सगळं आम्हांला स्वच्छ ऐकू यायचं. तरी निरोप तुझ्या हातूनच जायचा.

आणि तू तो जसाच्या तसा कधी दिला असशील तर शपथ. मी फणकारून म्हणायची, "सांग त्याईले, मीठ सरलं तं सरलं, मी का मिठाची खान हाय?" तू दारातून गोड आवाजात, "दादा, वैनी म्हनते, बाजारातून येता येता मीठ आनसान तं बरं होईल." तिकडून ते गरजायचे, "हा भात हाय का खळ?" तू माझ्याकडे वळून, "वैनी, दादाले भात आवडला, उद्या जरासा मोकळा कर म्हनते." आम्ही दोघंही ऐकत असायचो. दोघांनाही ठाऊक असायचं की दोघांनी ऐकलंय. तरी तुझी साखर घातलेली वाक्यंच खरी मानून आम्ही पुढे जायचो. घर त्यावर चाललं, ताई. मला ते तेव्हा कळलं नाही, आता कळून राहिलं आहे.

चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायची. रिकार्ड लागली की 'तू'. हे कधी ठरलं ते आठवत नाही.

तुझे नियम मला सुरुवातीला जाच वाटायचे. सुई मधूनच उचलायची नाही. बाजू लावली की पूर्ण ऐकायची. दोन्ही बाजू ऐकायच्या. आणि एक रिकार्ड लावायला घेतली, की महिना-महिना तीच. मी वैतागून म्हणायची, "तेच तेच काय ऐकतेस? पाठ झालं की सगळं." तू म्हणायचीस, "भात रोज खाते, तं कधी म्हनलं का पाठ झाला म्हून?" मी म्हणायची, भाताबरोबर भाजी तरी बदलते. तू म्हणायचीस, "मंग तू भाजी हाय. रोज नवीन तोंड करून बसते." असं म्हणून हसायचीस, आणि सुई ठेवायचीस. आपलं अर्धं भांडण सुई टेकायच्या आत व्हायचं, कारण टेकल्यावर बोलायला बंदी होती.

निळीतल्या बाईचा आवाज तेव्हा आपल्या सगळ्यांना फार आवडायचा. बाई कसली, पोरगीच. बारीक, चपळ, अवखळ आवाज. पायात चाळ बांधून उड्या मारत गातेय असं वाटायचं. तबला डफडीसारखा टणटणायचा. सासूबाई म्हणायच्या, "कोनाची पोट्टी हाय गं, किती गोड गाते." रोवण्याच्या दिवसांत तू प्लेअर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्रीखाली मांडायचीस, आणि खाली बांधीच्या खाचरात बायका गुडघाभर चिखलात वाकून त्या चालीवर धान रोवायच्या. हात असे चालायचे की मोठे दादा खूश. फुलाबाई, ती रोवणाऱ्या बायकांची पुढारी, तिला तर पहिली बाजू तोंडपाठ. आपल्या साऱ्या सानगडी गावात निळीची गाणी त्या पोरीच्या आवाजात आणि त्या पोरीच्या घाईनं म्हटली जायची. लग्नात हळदीला तीच, जात्यावर तीच.

तूच एक खूश नव्हतीस.

पहिल्यांदा मला वाटलं, उगाच खुसपट काढतेस. सगळ्यांना आवडतं ते तुला आवडू नये असा तुझा स्वभावच होता. तू रोज ऐकायचीस आणि कपाळाला आठी घालायचीस. मी विचारलं, काय झालं? म्हणालीस, "हिले श्वास घ्यायले जागाच नाई." मी म्हटलं, गाते ना बरी. "गाते. पन श्वास कवा घेते? ओळ सरते, अना लगेच दुसरी. कोनती बाई अशी गाईन? जीव जाईन तिचा."

त्यानंतर किती दिवस तू निळी ऐकलीस ते तुझं तुला ठाऊक. घरात सगळ्यांना वाटायला लागलं, की इंदूचं पुन्हा काहीतरी बिघडलं. मोठ्या दादांनी तर, "तिच्या डोक्यात हवा शिरली," असं ओसरीतून जाहीर केलं. तू ऐकत राहिलीस. आणि एका दुपारी प्लेअर उलटा करून, खालून, बाजूनं निरखत बसलीस. कडेला एक बारीक दांडी होती, ती आपण कधी हलवली नव्हती. हलवायला गेलं तरी हलली नसती. धानाचा कोंडा जमून जमून ती लहान, भरभर फिरणाऱ्या रिकार्डींच्या जागी घट्ट बसली होती. आपल्या घरात कोंडा कुठे नव्हता? डोळ्यांत, दुधात, देव्हाऱ्यात. तू खोबरेल तेलाचा थेंब सोडलास, केसातली आकडी काढून खरवडलंस, आणि दांडी सरकवलीस. निळीच्या मधल्या गोल कागदावर जो आकडा छापला होता, तोच दांडीपाशीही कोरलेला होता. कागदावरचा आकडा आपण सगळे गाण्याचा नंबर समजत होतो!

मग तू सुई टेकवलीस.

आमची पोरगी उठून गेली, आणि तिच्या जागी एक पोक्त बाई येऊन बसली. जड, खोल, जरासा थकलेला आवाज. कुठलीच घाई नाही. ओळ संपली की ती थांबायची. त्या थांबण्यात तानपुरा ऐकू यायचा, तो आजवर आम्हांला माहीतच नव्हता. मग ती श्वास घ्यायची, आपल्याला तो स्वच्छ ऐकू यायचा, आणि मग पुढची ओळ. तू रडशील असं मला वाटलं होतं. तू हसलीस. "घेतला, पाह्य," म्हणालीस. "घेतला श्वास."

सगळं घर जे वर्षभर चुकीचं ऐकत होतं, ते तू एकटीनं ऐकून ऐकून ओळखलंस. कुणी सांगितलं नाही, कुठे वाचलं नाही. तू सासरहून का परत आलीस, हे मी तुला कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. पण एखादीला श्वास घ्यायला जागा नाही, हे ज्या कानाला इतक्या लवकर कळतं, त्या कानाला आणखी काय विचारायचं? आणि ज्या बायका काल तुला बिचारी म्हणत होत्या, त्यांनाही ती रिकार्ड वर्षभर ऐकू येत होती. एकीला तरी काही कळलं का?

मी मात्र तुझ्यावर चिडले. आजही चिडलेली आहे. ती पोरगी मला आवडायची, ताई. मी अठराची होते, या घरात मला हसवणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तू खोबरेल तेलाच्या एका थेंबात तिला म्हातारी करून टाकलंस. मी म्हटलं, "तुझी ही बाई खरी असेल, पण माझी पोरगी खोटी कशी? मी तिला ऐकलंय." तू म्हणालीस, "ऐकलं म्हून काय झालं?" हे बोलणारी कोण, तर जी ऐकण्यावरच जगत होती ती. वकिलीण झाली असतीस.

रोवण्याला तर तमाशाच झाला. तू धुऱ्यावर निळी लावलीस, खऱ्या चालीवर. बायका वाकल्या, हात खाली गेले, आणि तिथेच राहिले. फुलाबाई कंबर धरून उभी राहिली. "अवो इंदूबाई, हे कोन बुडी आनली? आमची पोट्टी कुठी गेली?"

"थेच हाय फुलाबाई, आता बराबर गाऊन राहिली."

"बराबर? हिच्या गान्यावर हात नाई चालत, झोप येऊन राहिली!"

संध्याकाळी मोठे दादा आले तेव्हा अर्धी बांधी बाकी होती. त्यांचा आवाज तळ्याच्या, बोडीच्या पाळीपर्यंत गेला. "इंदू, रिकार्ड बदल, नाई तं बायका बदल!" तू काही बदललं नाहीस. छत्रीखाली बसून दुसरी बाजू लावलीस. खाली बायकांनी मग आपलं आपणच गायला सुरुवात केली, निळीचीच गाणी, पण पोरीच्या घाईनं. वर तुझी बाई सावकाश, खाली त्या सगळ्या भराभर. असलं गाणं जगात कुणी ऐकलं नसेल. मी दोन्हीकडे पाहत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मी तुझ्यामुळे ऐकायला शिकले, असं मी म्हणणार नाही. मला ते तुला मिळू द्यायचं नाही. जांभळीत सारंगी एका ठिकाणी विरते, आणि पाठीमागून कुणीतरी अगदी हळू 'हं' म्हणतं. वाजवणाराच असेल, नाहीतर तबल्यावरचा. ते पहिल्यांदा मला ऐकू आलं. तुला नाही. मी सांगितल्यावर तू संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "हाव, आलं मलेबी ऐकू." खोटं बोलत होतीस. तू ज्या जागी मान हलवलीस ती जागा चुकीची होती. मी तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही. चुकीची होती.

पण एक गोष्ट तुझीच, ती कबूल. तुझा भाचा, मोठ्या दादांचा थोरला, भंडाऱ्याहून टेप घेऊन आला. तोवर साऱ्या गावात टेप आले होते. म्हणाला, आत्या, तुझ्या साऱ्या रिकार्डी मी चार कॅसेटींत भरून देतो. आवडतं गाणं पाहिजे तितक्या वेळा मागे घेऊन ऐक. तू विचारलंस, "अना जे नाई आवडत थे?" तो म्हणाला, ते पुढे सरकवायचं. "मंग थे आवडाचं कवा?"

पोरगं हसलं. मीही हसले. पण निळीच्या दुसऱ्या बाजूला ते तिसरं गाणं आहे ना, ज्याला आपण जांभईचं गाणं म्हणायचो. त्यात काहीच घडत नाही. संध्याकाळ झालीय, अंगणात कुणी नाही, बाई दिवा लावतेय, एवढंच. तुझ्या नियमामुळे ते मला ऐकावंच लागलं, वर्षानुवर्षं, जांभया देत. मग माझी आई गेली. तिचे दिवस करून मी परत आले, आणि इथे कुणी मला काही विचारलं नाही, कारण सुनेच्या माहेरचं दुःख सासरच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं असतं. तू निळी लावलीस. पहिली बाजू मला ऐकूच आली नाही. दुसऱ्या बाजूला ते गाणं लागलं, आणि त्या रिकाम्या अंगणात माझी आई नव्हती. इतकी स्पष्ट ती नव्हती, की मी हुंदके देऊन रडले. तू बोलली नाहीस, सुई उचलली नाहीस, बाजू संपू दिलीस. तुझी नियमावली त्या दिवशी मला पटली. ते गाणं सरकवत आले असते, तर त्या दिवशी ते माझ्या कामी कसं आलं असतं? याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानते. मोठ्यानं मानते.

शेवटच्या आजारात तू रिकार्ड मागितली नाहीस. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं, छातीत घरघर होती, आणि मी विचारलं, निळी लावू? तू 'नको' म्हणून मान हलवलीस. "मले आता पाठ हाय," म्हणालीस. जन्मभर ज्या शब्दावरून मला टोमणे मारलेस, तोच! मी म्हटलं, हरलीस का मग? तू श्वास घेतलास, त्याला बराच वेळ लागला, आणि म्हणालीस, "तुही पोट्टी खोटी होती, वैनी." मी म्हटलं, खोटी असली तरी माझी होती. त्यावर तू काहीतरी बोलणार होतीस. ओठ हलले. मग खोकला आला, मग पाहुणे आले, मग ते राहिलंच.

तू गेलीस, आणि दारातली जागा रिकामी झाली.

दहावं झालं त्या संध्याकाळी मोठे दादा ओसरीत बसून म्हणाले, "गेल्या मानसाच्या जीवाची वस्तू घरात ठिवू नये. जीव अडकते. लाखांदूरचा लाऊडस्पीकरवाला तेरवीले येनार हाय, त्याले मशीन अना रिकार्डी देऊन टाकू. लगनात वाजतीन, चार लोकं ऐकतीन, तिले पुन्न्य लागन." हे ते भिंतीला म्हणाले, कारण तू नव्हतीस. मीही चुलीपाशून भिंतीलाच म्हटलं, "रिकार्डी द्यायच्या नाईत." पण भिंत निरोप पोचवत नाही. त्यांनी ऐकलं, मी ऐकवलं, आणि रीतीप्रमाणे कुणीच काही बोललं नाही.

मी यांना सांगितलं. तुझे धाकटे बंधू तुला माहीत आहेत. पाण्यात पडलेलं मीठ बरं. म्हणाले, "दादाच्या मनात हाय तं जाऊ दे. तुले नवा टेप आनून देतो." मी म्हटलं, टेप नको. म्हणाले, मग काय पाहिजे? नवऱ्याला समजावून सांगायला मला अजून वीस वर्षं लागतील, आणि तेरवी तीन दिवसांवर होती.

त्या लाऊडस्पीकरवाल्याची सुई मी पाहिली आहे. तिनं बाभळीचं लाकूड तासता येईल. निळी त्याच्याकडे एका लग्नसराईत संपली असती. वऱ्हाडातल्या कुणी तरी ओरडलं असतं, हे काय रडगाणं लावलं, बदल! आणि त्यानं दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावरून सुई खर्रकन् ओढली असती. तुला बिचारी म्हणणाऱ्यांच्या हाती तुझं हेही गेलं असतं, आणि मग खरोखरच कुणाला पटवून देता आलं नसतं की तू या घरात काय करत होतीस.

काल पंगती उठल्या. तो माणूस हात धुऊन पान खात बसला. मोठ्या दादांनी स्वतः प्लेअर आणि रिकार्डींचं खोकं ओसरीत आणलं, सुतळीनं बांधायला घेतलं. रिकार्डी आडव्या ठेवल्या होत्या. मी चुलीपाशून उठले. पदर डोक्यावर नीट घेतला, खोचला. पदर पडला, भान सुटलं, म्हणून बोलली, असं कुणाला म्हणता येऊ नये. आणि तुझ्या दारातून पुढे जाऊन ओसरीत उभी राहिले.

त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे मला माहीत नव्हतं. कधी मारलीच नव्हती. तुझाच शब्द उचलला.

"दादा, रिकार्डी जानार नाईत."

दिघोरीच्या मावशींनी तोंडावर हात ठेवला. दादांचे हात सुतळीवर थांबले. त्यांनी मान वर केली ती माझ्याकडे नाही, दाराकडे. तू जिथे उभी राहायचीस तिथे. मग हळूच म्हणाले, "सांगा कोनी तिले. जीव अडकते."

कुणी पुढे झालं नाही.

"कोनाले सांगता दादा? मी इतं उभी हाय," मी म्हटलं. "अना अडकते तं अडकू द्या. घर तिचंबी हाय."

दादा खोक्यावर वाकले. त्यांचं वय झालंय, ताई; तू गेल्यापासून जास्तच. शेवटी त्यांनी सुतळीची गाठ सोडली. सोडता सोडता, मान खाली घालूनच, पण मला, थेट मला म्हणाले, "निळी लाव एक वेळ. पन थे पोट्टीवाली."

इतकी वर्षं ओसरीत बसून तो माणूस ऐकत होता! आणि माझ्याच बाजूचा निघाला. माझा हात दांडीवर गेला. शपथेवर सांगते, मलाही तीच पाहिजे होती. त्या क्षणी तिच्यासारखं दुसरं काही मला नको होतं. पण मी दांडी तुझ्या जागी सरकवली. मी हार मानली असं समजू नकोस. तुझी तेरवी होती, माझी नव्हती.

बाई गायला लागली. "हे थे नोहोय," दादा म्हणाले.

"थेच हाय. पुरी ऐका, मंग बोला."

लाऊडस्पीकरवाला पान थुंकून निघून गेला. मावशी 'तेरवीच्या दिवशी गाणी' असं पुटपुटत आत गेल्या. परसात भांडी घासत असलेली फुलाबाई तेवढी दारापाशी येऊन उभी राहिली, राखेचे हात घेऊन. दादांनी पहिली बाजू ऐकली. मी रिकार्ड उलटली, त्यांनी दुसरीही ऐकली, जांभईच्या गाण्यासकट. मग म्हणाले, "लई हळू गाते. हाकलाले पाहिजे हिले."

"नाई," मी म्हटलं. "घेऊ द्या तिले श्वास."

आज सकाळी मी तांदूळ निवडत होते. ओसरीतून आवाज आला, "आज वाजवनार हाय का नाई?" मी दाराकडे पाहिलं, सवयीनं. मग तिथूनच, मोठ्यानं, थेट म्हटलं, "भात झाल्यावर. अना कोनती लावाची थे मी ठरवीन." आता माझं बोलणं साखर घालून पोचवायला तू नाहीस, ताई. कडू असेल तर ते कडूच पोचेल. त्यांनाही ऐकून ऐकून सवय होईल.